दोरवालीचे हात

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी कॉलेज अर्ध्यात सोडल्याबद्दल तू लिहिलेली दोन पानं बाबांना दाखवली नाहीत. तेच सगळं ते रोज बोलतात, तेही आईमार्फत. मी समोर बसलेला असतो आणि ते तिला म्हणतात, तुमच्या चिरंजीवांना सांगा, मीठ इकडे सरकवा. मी सरकवतो. मग आईला म्हणतात, त्यांना सांगा, एवढं तरी येतं म्हणायचं.

पण मी रिकामा नाही. चौकातल्या फोटो स्टुडिओत लागलोय. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. ते फोटो काढतात, मी भिंग लावून, बारीक ब्रश आणि ब्लेड घेऊन माणसांचे डाग, सुरकुत्या, फुटलेले ओठ घालवतो. थोडक्यात, देवाच्या चुका दुरुस्त करतो.

आणि आता बस, कारण पुढची बातमी उभ्यानं वाचायची नाही. सरकारचं मोठं काम आम्हाला मिळालं. दोरवालीचं पोस्टर. जगभर लागणारं. आईची गोष्ट आठवते ना? नदीला पूर, अलीकडच्या काठावर एक बोळकी म्हातारी, हातात दोर, तोंडात शिव्या, आणि पलीकडून जो येईल त्याला ती ओढून घेते. हाताची सालटी निघाली तरी सोडत नाही. त्या ओढून घेतलेल्या माणसांचा आपला देश झाला. सरकारी कागदात ती आता 'दोरधारिणी माता' आहे. वय वीस-बावीस. दात आले, शिव्या गेल्या.

फोटोला एक नटी आणली होती. जहाजाचा जाड दोर तिनं असा धरला की जणू हार घालायला निघालीय. मास्तर घामाघूम. तिच्या झग्याची शिवण नीट करायला शिंप्याची मुलगी आली होती, तोंडात टाचण्या धरून. तिला ते बघवेना. तिनं टाचण्या थुंकल्या, दोर हिसकावला, टाच रोवली आणि ओढून दाखवला. म्हणाली, पाण्यात माणूस असतो बाई त्या टोकाला. मास्तरांनी तेवढ्यात बटण दाबलं. नटी घरी गेली. पोस्टर टाचणीचं झालं.

टाचणी हे नाव मी ठेवलं. तिला पसंत नाही. तिच्या बोटांवर सुईनं टोचल्याचे काळे ठिपके आहेत, ते मीच घालवले. मास्तर म्हणाले, मातेचे हात आहेत, स्वच्छ पाहिजेत. भिंगाखाली मी त्या बोटांकडे इतके दिवस बघत होतो की... जाऊ दे. तू समजलीसच.

आता ऐक. चौकात तिचा दोन मजली चेहरा लागला, खाली 'आम्ही दोर सोडत नाही'. आणि त्याच आठवड्यात तिच्या घरी नोटीस आली. ते नदीपलीकडचे. ती लहान असताना आले. आता पलीकडच्या सगळ्यांचे राहण्याचे परवाने संपवायचं ठरलंय. नोटिशीत 'हाकला' असा शब्द नाही हां! 'सन्मानपूर्वक स्वगृही प्रस्थान'! असलं मराठी लिहिणाऱ्याला मी कानफटात मारली असती.

एप्रिलमध्ये तुझ्या शहरात राष्ट्रांचा मेळावा आहे. आपले मंत्री बोलणार आणि तिकडच्या भाषेत सगळं जग त्यांना तुझ्या तोंडून ऐकणार. ताई, एकच वाक्य घाल. मध्येच, हळूच. पोस्टरवरच्या मुलीला हाकलताहेत, एवढंच. तुझ्याकडे सगळ्या जगाचे कान आहेत आणि तू दुसऱ्यांची भाषणं वाहून नेतेस. राग येतो मला.

लोभ असावा. वाक्य घातलंस तर दुप्पट असेल, माझ्याकडून.

तुझा,
धाकटा

*

१७ फेब्रुवारी

चि. तापटास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

तू प्रेमात पडलास हे दुसऱ्या परिच्छेदातच कळलं होतं. देवाच्या चुका दुरुस्त करणारा माणूस शुद्धीवर नसतो. मुलगी मला आवडली. टाचण्या थुंकून दोर हिसकावणारी सून आईला झेपेल का, ते आई बघेल.

आता वाक्याचं. नाही. मी घालणार नाही, आणि कारण नीट वाच, मधली ओळ गाळून रागावू नकोस. मी काचेच्या खोलीत बसते. कानात एक भाषा येते, तोंडातून दुसरी जाते. समोरचे लोक मला बघतही नाहीत, आणि ऐकतात ते केवळ एका भरवशावर: जे बोललं गेलं ते सगळं बोलायचं, आणि जे बोललं गेलं नाही ते बोलायचं नाही. मंत्री खोटं बोलले तर मी ते खोटं नीट पोचवते, म्हणजे ते त्यांचंच राहतं. माझं एक वाक्य त्यात मिसळलं की उद्यापासून माझ्या कुठल्याच वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, खऱ्यावरसुद्धा.

मला काही दिसत नाही असं समजू नकोस. भाषणांचे मसुदे माझ्याकडे आधी येतात. मी इथे आले तेव्हा त्यांत असायचं, 'पलीकडून आलेल्या प्रत्येकाला तिनं ओढून घेतलं'. मग झालं, 'संकटातल्या बांधवांना'. यंदाच्या मसुद्यात आहे, 'आपल्या लेकरांना'. दोर तोच, बाई तीच, नदीतली माणसं मात्र हळूहळू बदलली. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण प्रत्येक वेळी एखादाच शब्द हलला. मी तो भाषांतरात हलवला. हे तुला म्हणून सांगते.

आणि हेही खरं की त्या गोष्टीवर मी इथे जगते. घरमालकीण परक्यांना खोली देत नव्हती. माझा देश कळल्यावर म्हणाली, म्हणजे त्या दोरवालीचे तुम्ही, आणि किल्ली दिली. भाजीवाला मला बघून दोर ओढल्यासारखे हात करतो. जगात आपली तेवढीच ओळख आहे, बाळा. ती खोटी पडली तर मी कोण, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. मलाही आहे की नाही, कोण जाणे.

शेवटचं. तू जगाला सांगायला निघालास, ते तिला विचारलंस का?

डोकं थंड ठेव. परतीचे दोर कापून कुठे उडी मारू नकोस. बाबांना मीठ न मागता देत जा.

लोभ आहेच, तुझ्या रागासकट.

तुझी,
ताई

*

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही विचारलं. मला राग येतो तेव्हा विचारायचं सुचत नाही, हे तुला माझ्या जन्मापासून माहीत आहे.

मी काय केलं ते ऐक. मूळ फोटोची प्रत माझ्याकडे होती, ठिपक्यांच्या बोटांची. ती मोठी करून स्टुडिओच्या काचेत लावली, शेजारी त्यांच्या नोटिशीची नक्कल. खाली मोठ्या अक्षरांत: हीच ती. दुपारपर्यंत बघ्यांनी रस्ता अडला. मास्तर बाहेर आले, बघितलं, आणि शटर ओढलं. मग आतून म्हणाले, माझी दोन पोरं आहेत रे. एवढंच. नोकरी गेली. मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाचणी आली ती आगीसारखी. तिच्या बापाचं नाव-पत्ता त्या नोटिशीवर होता! दुकानावर लोक येऊन बघून जायला लागले. एक जण शिलाई मशीनवर थुंकला. ती मला म्हणाली, तू कुणाला विचारून माझं घर काचेत मांडलंस? तुझाच प्रश्न होता तो, फक्त तिच्या तोंडून फार टोचला.

मला वाटलं पोलीस येणार. आले एक गोड बोलणारे साहेब. पायातले बूट दाराबाहेर काढून बसले, पाणी मागून प्यायले. म्हणाले, गैरसमज झाला, मातेचा चेहरा कुठे परका असतो का? तिला कायमचा परवाना मिळेल. तिला एकटीला. कागदोपत्री घराणं पिढ्यान् पिढ्या अलीकडचं होईल, शिंपी-शिंपीण तिचे पालनकर्ते म्हणून दाखवले जातील. ते मात्र ठरल्याप्रमाणे जातील. पुढचं पुढे बघू. त्याबदल्यात तिनं मेळाव्यात मंत्र्यांच्या शेजारी दोर घेऊन उभं राहायचं आणि पाठ केलेली चार वाक्यं बोलायची. त्यात एक आहे, मी याच काठाची लेक.

ताई, तिनं हो म्हणायला हवं. हसू नकोस. मी खरं-खरं म्हणून ओरडत होतो, माहीत आहे. पण नाही म्हटलं तर ती पलीकडे जाईल आणि मला ती परत कधी दिसणार नाही. चार वाक्यांनी काय होतं? जग तसंही गोष्टच ऐकतंय. तिचे आईबाप सुद्धा हो म्हण म्हणतात. बाप म्हणाला, आम्ही कातर-सुई घेऊन कुठेही बसू, तू या काठावर राहा. ती नुसती काज करत बसते. तू मोठी आहेस, शिकलेली आहेस, तिला लिही. तुझं ऐकेल.

लोभ असावा. खरंच असावा, या वेळी चेष्टेनं लिहीत नाही.

तुझा,
धाकटा

*

२२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी तिला लिहिणार नाही. गेल्या महिन्यात तुला माझ्या तोंडून खरं हवं होतं, या महिन्यात तिच्या तोंडून खोटं हवंय. दोन्ही वेळा तोंड दुसऱ्याचंच. रागावून सांगत नाहीये. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो, आणि तू बुडतोयस हे मला इथून दिसतं.

तिची चार वाक्यं माझ्या टेबलावर आहेत. काल आपल्या वकिलातीतले सल्लागार घेऊन आले. नेहमी नीट बोलणारा माणूस, माझ्या नोकरीची शिफारस यांनीच केली होती. अशा समारंभाच्या भाषणांत आमची रीत अशी: भाषांतर आधीच मंजूर होऊन येतं, वक्ता पाठ केलेलं बोलतो आणि मी त्याच्या वेगानं कागद वाचत जाते. वक्ता कागद सोडून बोलायला लागला तर मीही कागद सोडायचा आणि तो बोलेल ते न्यायचं, हा आमचा नियम. सल्लागार म्हणाले, मुलगी नवखी आहे, घाबरून काहीबाही बोलेल. काही झालं तरी तुम्ही कागदच वाचा. हे हसत म्हणाले. मग जाता जाता सहज विचारलं की माझ्या इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण मे महिन्यातच आहे ना.

मी म्हटलं, हो, मे महिन्यातच.

खोलीत परत आले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा.

ती आली की मी तिला भेटू शकले तर जेवू घालीन. समजवणार काहीच नाही. तिला सांग, इथे थंडी आहे, लोकरीचं काहीतरी आणावं.

ही पत्रं कुणाला दाखवू नकोस.

लोभ आहे. काळजीही आहे, आणि सध्या तीच जास्त.

तुझी,
ताई

*

६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ती निघाली. हो म्हणाली, साहेबांच्या कागदावर सही केली, सगळं केलं. आईबाप ती निघायच्या आदल्या दिवशी गेले. पुलापर्यंत मी मशीन डोक्यावर घेऊन गेलो. तिथल्या शिपायानं मशीन नेता येणार नाही म्हटलं, मग नुसती कातर आणि सुयांचा डबा घेऊन चालत गेले. पुलाच्या तोंडाशी तिचं पोस्टर होतं. तिच्या आईनं जाताना त्याला हात लावला, आपण आजारी पोराच्या कपाळाला लावतो तसा. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

एक कबूल करतो, ओरडू नकोस. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तुझ्या हाती ती सुखरूप आहे, एवढं तिला कळावं म्हणून. काज करता करता ऐकत होती. वक्त्यानं कागद सोडला तर काय, तो तुमच्या नियमाचा भाग आला तेव्हा सुई थांबली. म्हणाली, तेवढंच परत वाच. मी वाचलं. मग तिनं विचारलं, तुझी ताई नियम मोडते का कधी? मी अभिमानानं सांगितलं, मेली तरी मोडणार नाही, भावासाठीसुद्धा मोडला नाही.

त्यावर ती हसली. किती दिवसांनी हसली! मला वाटलं, माझ्यावर खूश आहे.

आता हे लिहिताना ते हसू आठवतंय आणि कळतंय, ते माझ्यासाठी नव्हतं. ताई, तिला काही करू देऊ नकोस. ती परत येईल ना? साहेब म्हणाले, चार दिवसांत येईल. मी स्टेशनवर जायला बाबांची छत्री मागितली, तर त्यांनी सरळ मला म्हटलं, घेऊन जा. आईमार्फत नाही. इतकी माझी दशा झाली आहे.

हे पत्र वेळेत पोचावं. लोभ त्याच्यामागून पाठवतो.

तुझा,
धाकटा

*

१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मेळाव्यानंतर आलं. आधी आलं असतं तरी काही निराळं झालं नसतं, म्हणून स्वतःला खात बसू नकोस.

वर्तमानपत्रात तू जे वाचलं असशील ते सोड. मी होते ते सांगते.

सभागृह भरलेलं. मंत्री बोलले, मी कागदाबरोबर चालले. 'आपल्या लेकरांना' आलं, तेही नेलं. मग ती पुढे आली. झगा तोच पोस्टरवरचा, हातात दोर. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इथली माणसं त्या गोष्टीवर खरोखर प्रेम करतात रे, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिलं वाक्य तिनं बरोबर म्हटलं. दुसरंही. तिसरं होतं, मी याच काठाची लेक.

तिनं दोर खाली ठेवला. मग वर, माझ्या काचेकडे बघितलं. त्या सगळ्या सभागृहात दुभाषी कुठे बसते हे शोधणारी ती एकटीच.

म्हणाली, मी पलीकडची. त्या गोष्टीत दोराच्या दुसऱ्या टोकाला जी माणसं आहेत, ती आम्ही. इथे तिनं कागद सोडला होता. काचेमागे सल्लागार उभे होते. त्यांनी स्वतःच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच दाबून धरलं. माझ्या पुढ्यात मंजूर झालेलं तिसरं वाक्य छापलेलं, कानात तिचं वाक्य. मी गप्प. आमच्या कामात एवढी गप्प जागा म्हणजे सभागृहात लोक माना वर करून बघायला लागतात. तशा माना वर झाल्या. ती मात्र थांबली होती. पुढचं बोलत नव्हती. मी मागचं उचलेपर्यंत थांबली होती, टाच रोवून.

मी उचललं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

मग ती बोलत गेली आणि मी नेत गेले. म्हणाली, तुम्ही जिच्यावर प्रेम करता ती म्हातारी होती, बोळकी होती, आणि येणाऱ्याला कोण कुठला विचारत नव्हती. तिला तरुण केलं त्याचं काही नाही, पण तिनं ओढलेली माणसं पुसली. माझे आईबाप गेल्या आठवड्यात पूल चालून परत गेले, माझ्या पोस्टरखालून. मग तिनं दोन्ही हात वर केले. म्हणाली, पोस्टरवर या बोटांवरचे सुईचे डाग नाहीत. ते एका मुलानं घालवले. त्याचं माझ्यावर प्रेम आहे आणि तो वाईट नाही, पण घालवताना त्यानं मला विचारलं नाही. देशाचंही तसंच आहे. प्रेम आहे, विचारत नाही.

तेही मी नेलं, धाकट्या. सगळं. काही गाळता येत नाही आम्हाला.

टाळ्या नाहीत. मंत्री उठून गेले. सल्लागार खोलीत आले तेव्हा ओरडले नाहीत, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी स्वतः काढून घेतलं. मे महिन्यात मला इथून जावं लागेल. कुठे, ते ठरायचंय; घरी येणं सध्या शहाणपणाचं नाही, आईला बेतानं सांग. घरमालकिणीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे गोष्ट खोटी? मी म्हटलं, गोष्ट खरी आहे, आम्ही तिच्यातले नाही राहिलो. तिनं किल्ली परत मागितली नाही. भाजीवाला आता हात करत नाही. नुसतं वजन करतो आणि देतो. खटकतं मला.

ती माझ्याकडे आहे. इथे आसरा मागता आला असता, लोकांनी विचारलंही. तिनं नाही म्हटलं. आईबापाचा पत्ता लागला की दुसऱ्या वाटेनं पलीकडे जाणार. सध्या घरमालकिणीचे पडदे शिवतेय. लोकरीचं काही आणलं नव्हतंन्, माझा स्वेटर घालून बसली आहे. तुझं नाव काढत नाही. पण तुझं पत्र आलं तेव्हा पाकीट आधी तिनंच ओळखलं, हे लिहू की नको असं दोनदा वाटलं.

लोभ आहे. या घडीला तोच एक परवाना माझ्याकडे उरलाय.

तुझी,
ताई

*

२८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती रडली नाही. म्हणाली, म्हातारी बोळकी होती हे त्या पोरीला कुणी सांगितलं? मी म्हटलं, पलीकडेही हीच गोष्ट सांगतात. बाबा उठले आणि तुझ्या जुन्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला घेतला. तू येणार नाहीस हे त्यांना सांगितलं होतं. तरी घेतला.

चौकात पोस्टर बदललंय. म्हणजे पूर्ण नाही. नवीन फोटो काढायला वेळ नव्हता म्हणून दुसऱ्या मुलीचं डोकं वर चिकटवलंय. दोर तोच, झगा तोच, हात टाचणीचेच, मी गुळगुळीत केलेले. मास्तरांनी जोड लपवायला मला बोलावलं होतं. पैसे बरे देणार होते. मी नाही म्हणून आलो, आणि ताई, ओरडलो नाही. मानेपाशी जोड स्पष्ट दिसते. लोक खालून जातात, कुणी वर बघत नाही. परदेशात जाणाऱ्या प्रतींवरही तेच डोकं लागणार म्हणे. जगाला कळेल का, ते तू सांग. तू जग बघितलंयस.

मी रागावलो होतो. तिनं हजार माणसांत माझं काढलं म्हणून पत्र फेकलं, भिंतीवर मूठ मारली. मूठ अजून सुजलेली आहे, अक्षर त्यामुळे असं. मग त्या मूळ फोटोकडे बघत बसलो. एवढे दिवस भिंगातून बघितलेले ते ठिपके मला मोजून सांगता येतील, पण ते पडताना ती काय शिवत होती, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

पलीकडे जायची वाट मी काढली आहे. एक ट्रकवाला तयार आहे, सामानही बांधलंय. तिचं मशीन माझ्या पलंगाखाली आहे, तेलपाणी करून. पूर्वीचा मी असतो तर हे पत्र तिकडूनच लिहिलं असतं, आलो म्हणून.

पण सामान दाराशी ठेवून बसलोय. ट्रकवाला शिव्या देऊन गेला, पुढच्या खेपेला येतो म्हणाला.

पडदे शिवत असेल तेव्हा, तिचा मूड बघून, तिला एवढंच विचार, माझ्याकडून, माझ्या शब्दांत, एक शब्द न घालता आणि न गाळता: मी येऊ का?

ती जे म्हणेल ते तसंच लिही. नाही म्हणाली तर नाही लिही, गोड करू नकोस. मग मशीन कुठे पोचवायचं तेवढं विचारून कळव.

लोभ असावा. तिचा असेल की नाही ते तीच सांगेल, म्हणून तिच्या वतीनं मी काही लिहीत नाही.

तुझा,
धाकटा